पैलवानाची जागा

मी जिन्यावरनं पडले. सगळ्यात खालच्या पायरीशी पाय अंगाखाली मुडपून बसले होते, हातातलं टमरेल गडगडत परसदारापर्यंत गेलं होतं, आणि वरनं आमच्या ह्यांचा आवाज आला, "अगं, वरचं दार लोटून घेतलंस न्हवं? पैलवान खाली यील, पडंल की!"

पैलवान म्हणजे आमचं कुत्रं.

पडलेली मी होते आणि काळजी त्याच्या पडण्याची चालली होती. पाय घोट्यापाशी असा फिरला होता की बघवत नव्हता. परसात पाऊस धो धो ओतत होता, टमरेलातलं पाणी पावसाच्या पाण्यात मिसळून गेलं, आणि मला जिथं जायचं होतं तो संडास परसाच्या त्या टोकाला, पावसाआड, पत्र्याचं दार वाजवत उभा होता. खालच्या मजल्यावरच्या शेटे वहिनी धावत आल्या. त्यांनीच वर हाक दिली, "अण्णा, अवो खाली या, अक्का पडल्यात!"

वरनं उत्तर आलं, "आलो, आलो. ह्याला आदी बांधतो."

कुत्र्याला बांधलं आणि मग हे खाली आले.

हे सगळं यंदा परत आठवलं ते लेकीच्या घरी. पुराचं ते पाणी येऊन गेल्यापासनं आषाढ लागला की सुनंदा रिक्षा घेऊन पेठेत येते, माझी पिशवी भरते आणि मला राजारामपुरीत तिच्या फ्लॅटवर नेऊन ठेवते. नदीचं पाणी तिकडं येत नाही. घर चांगलं आहे. तीन खोल्यांना दोन संडास. यंदा गेले तर तिथं तिसरा निघाला.

नातीनं, प्राजक्तानं, पांढरं कापसाच्या बोंडाएवढं कुत्रं आणलं आहे. पावसात त्याला खाली न्यायचं म्हणजे सर्दी होते म्हणे. म्हणून बाल्कनीत प्लॅस्टिकचा ट्रे, त्यावर हिरवं खोटं गवत, गवताखाली जाळी, जाळीखाली वर्तमानपत्र. मी कपडे वाळत घालायला गेले तर मला म्हणाली, "आज्जी, थांब जरा. तू बघालीस म्हटल्यावर ते लाजतंय." मी थांबले. त्या बोंडानं गवतावर गोल गोल फिरून कार्यक्रम उरकला. पोरीनं टाळ्या वाजवल्या, पाठीवरनं हात फिरवला, तोंडात बिस्कीट घातलं.

हातातलं ओलं फडकं मी नको तेवढं पिळलं. माया नव्हती ती. माया मला चांगली ओळखीची आहे. मी जळले.

जळणं सवतीवर शोभतं, जावेवर शोभतं. मी जळले ती कुत्र्यावर. सवत असती तर भांडता तरी आलं असतं, चार बायकांत सांगून मन मोकळं करता आलं असतं. कुत्र्यावर जळते म्हणून सांगायला गेलं तर बायका पदराआड हसतात.

पेठेतलं आमचं घर दोन मजली. खालचा मजला शेट्यांचा, पुढं किराणा दुकान आणि मागं त्यांचं राहतं घर. वरचा आमचा. संडास परसात, दोन घरांत एक. मी लग्न होऊन आले तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. माझ्या माहेरी, शाहूवाडीकडं, तोही नव्हता. झुंजुमुंजू व्हायच्या आत ओढ्याकडं जायचं आणि मग दिवस मावळायची वाट बघायची. त्यापुढं परसातला संडास म्हणजे चैन. पण पोर झाली, वय झालं, गुडघे बोलायला लागले. पावसाळ्यात एका हातात टमरेल, दुसऱ्या हातात छत्री, मग जिन्याचा कठडा कोणत्या हातानं धरायचा? मी ह्यांना म्हणायची, "वर मागच्या गॅलरीत एक संडास करा की."

हे म्हणायचे, "बघू की."

"कधी बघताय?"

"अगं, गॅलरीच्या बरोबर खाली शेट्यांचं देवघर. त्यांच्या देवाच्या डोक्यावर तू बसणार व्हय? काय म्हणतील ते?"

ह्याला काय बोलायचं? देवाचं नाव आलं की आम्हा बायकांचं तोंड बंद होतं. मी दर पावसाळ्यात विचारायची आणि दर पावसाळ्यात शेट्यांचे देव मधे यायचे. मग मी माझा उपाय काढला. दिवे लागले की चहा बंद, पाणी बंद. जेवताना घोटभर, तोही भाकरी घशात अडकली तर. कोरड्या घशानं झोपायची सवय लागते. ह्यांना कधी कळलं नाही. मी सांगितलंही नाही. माझा तांब्या भरलेला राहतो हे एका घरात राहणाऱ्या माणसाला दिसू नये?

कुत्र्यानं भांडं पालथं घातलं तर दिसायचं. "आज पैलवान पाणी प्याला न्हाई" म्हणून हे कासावीस व्हायचे.

हे मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर तोलाईला, ढेपा तोलायला होते. गुऱ्हाळवाल्यांत बसणं-उठणं. पन्हाळ्याच्या बाजूच्या एका गुऱ्हाळावरनं हे पिल्लू घेऊन आले, ते नव्वदीच्या मधल्या कुठल्याशा हंगामात. रस काढलेल्या उसाच्या चिपाडाच्या ढिगात जन्मलेलं, गुळाची मळी चाटून वाढलेलं, तांबूस, रुंद छातीचं. अंगाला कितीतरी दिवस काकवीचा वास यायचा. नाव पैलवान ठेवलं. सुनंदाचं नाव ठेवायला हे बारशाला उशिरा पोचले होते, गुळाचा सौदा होता म्हणून.

संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशी आणून उभ्या करतात आणि समोर धार काढून फेसाचं दूध पेल्यात देतात. हे पैलवानाला घेऊन रोज जायचे. एक पेला स्वतः प्यायचे, अर्धा त्याच्या वाडग्यात. परत आले की दोघांच्याही मिशांना फेस. मी कधी म्हटलं, "मला एकदा न्या की," तर म्हणायचे, "तिथं बायका उभ्या राहत न्हाईत." खरं आहे, राहत नाहीत. कुत्र्यांना मात्र चालतं.

आणि मग ज्या वर्षाचं मी सांगते आहे त्या वर्षी पैलवान म्हातारा झाला. मागचे पाय ओढायला लागला. जिना उतरताना मधेच बसायचा आणि ह्यांच्याकडं बघायचा. हे त्याला खांद्यावर घ्यायचे, कोकरू घेतात तसं. तालमीसमोर बसलेली पोरं ओरडायची, "अण्णा, पैलवानानं तुमाला उचलायचं का तुमी पैलवानाला?" हे हसायचे. जिना चढून आले की मात्र छाती भात्यासारखी हलायची. त्यांचंही वय झालंच होतं. आषाढाच्या आरंभी एकदा दोघंही जिन्यात बसले ते किती वेळ उठेचनात. त्या दिवशी ह्यांनी ठरवलं. म्हणाले, "ह्याची सोय वरच करायची."

मी भाकरी थापत होते. हात तसाच परातीत राहिला. म्हटलं, "वर म्हंजे कुठं?"

"मागच्या गॅलरीत."

"आणि शेट्यांचा देव?"

"इचारलं मी वहिनींना. त्या म्हणाल्या, मुकं जनावर हाय, चालतंय."

मी पुढची भाकरी जाळली. ह्यांनी ती पैलवानाला घातली.

ह्या माणसानं माझ्या कॅलेंडरसाठी कधी भिंतीत खिळा मारला नव्हता. तो आता गॅलरीत उकिडवा बसून काम करायला लागला. तेलाचं जुनं पिंप फोडून, ठोकून त्याचा पसरट ट्रे केला. कडा कापू नयेत म्हणून त्यांना सायकलची जुनी ट्यूब चिरून लावली. ट्रेला एका बाजूनं उतार दिला, भोक पाडलं, भोकातनं नळी काढून पन्हळीत सोडली. मागचे पाय घसरतात म्हणून पोत्याची पायघडी. पाऊस तिरका येतो म्हणून वर ताडपत्री. पायरी नको म्हणून उंबऱ्याला फळी, आणि फळीवर आडव्या पट्ट्या, पायाला पकड मिळावी म्हणून. मी चुलीपाशी बसून ठोकाठोकी ऐकत होते. एकेक ठोका माझ्या डोक्यात पडत होता. ह्या माणसाला हे सगळं येत होतं तर!

मग आत काय पसरायचं? ह्यांनी डोकं चालवलं. गुऱ्हाळातलं कुत्रं, त्याला चिपाड आवडणार. बंबाला घालायला आणून ठेवलेली वाळकी चिपाडं होती, ती कुटून, मऊ करून ट्रेभर पसरली. वर थोडं हातानं थोपटलं. पैलवानाला बोलावलं, "ये, ये बाबा, कर."

पैलवान फळीवरनं उतरला. वास घेतला. एक चिपाड उचलून चघळलं. मग दोनदा गोल फिरला आणि मधोमध वेटोळं करून झोपला.

"उठ की, कर की," हे म्हणतात. ते डोळे मिटून घेतं. एवढं सुख त्याला लहानपणानंतर मिळालं नव्हतं. संध्याकाळपर्यंत मुंगळे आले, कारण चिपाडात गोडी होतीच. मुंगळे झटकले, चिपाड बदललं. पैलवान परत त्यात झोपला. दुसऱ्या दिवशीही तेच. खाली न्यायला ह्यांचा दम पुरेना, वर कुत्रं करीना. पोट दगडासारखं झालं त्याचं. ह्यांनी जेवण सोडलं. गॅलरीत बसून त्याच्याशी बोलत राहिले, "अरे लेका, मुताय काय लाजायचं?"

मला बघवेना. कुत्र्याचे हाल बघवेनात असं नव्हे, ह्यांचा लाड बघवेना. मी म्हटलं, "अंथरुणात मुततंय काय कोण? ते जन्मलंय चिपाडात. तुमी त्याला गादी घातलीसा आणि वर मूत म्हणताय. मान ठेवणारं कुत्रं हाय, न्हाई करायचं ते."

हे म्हणाले, "मग?"

"त्याचा खांब कुठला? कोपऱ्यावरचा. त्या खांबाच्या बुडाची माती आणा. स्वतःचा वास लागला की जाईल."

आणि हे गेले. त्या पावसात, डोक्यावर गोणपाटाची खोळ, हातात घमेलं आणि खुरपं. मी गॅलरीच्या पुढच्या बाजूला जाऊन बघितलं. कोपऱ्यावरच्या लाइटच्या खांबाखाली हे गुडघ्यावर बसून माती उकरत होते. घमेलं भरून, जिना चढून, नखशिखांत भिजून आले. माती पसरली. पैलवान उतरला, नाक खाली घातलं, आणि असा सुटला की पन्हळीतनं आवाज आला.

"झाली! झाली!" हे नाचायचेच बाकी राहिले.

खालनं शेटे वहिनींचा आवाज, "कोण बाळंत झालं वं, अण्णा?"

"आमचा पैलवान!"

ह्यांनी गुळाची ढेप फोडली. त्याला खडा दिला. खाली शेट्यांकडं खडा पाठवला. अक्कल माझी होती, मला कुणी खडा दिला नाही. मी स्वतः घेऊन खाल्ला.

सकाळ-संध्याकाळ हे ट्रे काढायचे, धुवायचे, माती बदलायचे. नाक मुरडलं नाही, तोंडाला फडकं लावलं नाही. ओल्या मातीचा, खारट, उग्र वास वरच्या दोन्ही खोल्यांत भरून राहिला. मी तेवढ्या वासातनं टमरेल उचलायची, छत्री उघडायची आणि जिना उतरायची. आणि तशीच एकदा उतरत असताना पडले.

दवाखान्यातनं गुडघ्यापर्यंत प्लास्टर घालून आले. तालमीतल्या पोरांनी खुर्चीसकट वर चढवलं. "आज्जी, वजन आहे हां," म्हणाली. मी म्हटलं, "खाल्लेलं हाय, उसनं न्हाई." सुनंदा आली. मधे भोक आणि खाली डबा असलेली लोखंडी खुर्ची तिनं दुकानातनं आणली. ठेवायला जागा एकच. मागची गॅलरी.

तर असं झालं की एका अंगाला पैलवानाचा ट्रे, दुसऱ्या अंगाला माझी खुर्ची, आणि मधे माझंच जुनं लुगडं पडदा म्हणून. मी बसले की पैलवान पडद्याखालनं नाक घालायचा. सकाळी दोघांची वेळ एक. हे बाहेरनं विचारायचे, "झालं का?" कुणाला विचारलं ते कळायचं नाही. मी उत्तर द्यायची नाही. पैलवानही द्यायचा नाही.

माझा डबा ह्यांनाच काढावा लागला. काढला. पण तोंडाला रुमाल बांधून. मी पहिल्याच दिवशी बघितलं. म्हटलं, "कुत्र्याचं काढताना न्हवता रुमाल."

"अगं, सुनंदानं फिनेल ओतलंय त्यात. डोळं झोंबत्यात."

खरं असेल. फिनेल जहाल होतंच. पण माझ्या डोक्यात तो रुमाल अजून आहे. पांढरा, निळ्या काठाचा.

मला भेटायला शेटे वहिनी वर आल्या. बसल्या, पायाला हात लावून बघितला, गॅलरीकडं नजर गेली. म्हणाल्या, "बरं झालं बाई सोय झाली. अक्का, एवढी वर्षं तुमी वर का बांधलं न्हाईसा?"

मी म्हटलं, "तुमचं देवघर हाय की खाली."

"मग? देवघर काय रोवलंय व्हय जमिनीत? पुढच्या खोलीत हलवलं असतं. अण्णांनी कधी इचारलंच न्हाई. कुत्र्याचं तेवढं इचारलं."

मी हसले. दात दिसतील एवढं हसले, कारण दुसरं काही केलं असतं तर वहिनींना कळलं असतं. त्या खाली गेल्यावर ह्यांना हाक मारली. हे दारात उभे राहिले.

"माझ्या वेळंला देवाचं नाव पुढं केलंत. ह्याच्या वेळंला खाली जाऊन इचारून आलासा. का?"

ह्यांनी नखानं चौकट खरवडली. मग म्हणाले, "त्याला सांगता येत न्हाई, म्हणून इचारलं. तुला तोंड हाय."

"तोंड हाय म्हणून ऐकलं न्हाई, व्हय?"

ते गेले. पैलवानाची माती बदलायची होती.

तेव्हा मला वाटलं होतं, हे माणूस आता आपलं नाही. भांडण नव्हतं, मारझोड नव्हती, पण घरात माझी जागा कितवी ते मला त्या दिवशी नीट कळलं. ते कळून मोडका पाय घेऊन अंथरुणावर पडून राहणं, आणि समोरून कुत्र्यानं शेपटी हलवत जाणं, ह्यासारखी शिक्षा नाही.

पाऊस उघडत नव्हता. वाकळा वाळत नव्हत्या, पीठ सादळलं, काडी घासली तर गूल निघून यायचं. सगळ्या पेठेत एकच बोलणं, बंधाऱ्यावर पाणी किती फूट? मग एका दुपारी ते गल्लीच्या तोंडाशी आलं. तांबडं, जाड, घाई नसलेलं पाणी. त्यावर उसाचा पाला, चपला, कुणाच्या दारातली तुळस कुंडीसकट. शेट्यांनी दुकानातली पोती वर आणून आमच्या खोलीत रचली. शेवटी देव आणले. वहिनींनी ते माझ्या कपाटावर ठेवले, हात जोडले आणि सगळी गडहिंग्लजला त्यांच्या नात्यात निघून गेली. मी कपाटाकडं बघत होते. आता देवाच्या डोक्यावर कुणी नव्हतं. देव आणि माझी खुर्ची, सगळं एकाच मजल्यावर.

दुसऱ्या दिवशी उजेडी जिन्याच्या मधल्या पायरीला नाव लागली. दोन अनोळखी पोरं होती, अंगात पिवळे कोट. "वर कोण हाय काय? चला, चला, पाणी चढालंय!"

हे जिन्यात गेले. मला आतनं दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं.

"पावणं, हिला न्या. पाय मोडलाय. मी थांबतो."

"का वं आजोबा? तुमी बी चला."

"कुत्रं हाय माझं."

"कुत्रं न्हाई घ्यायचं. माणसं बसंनात नावंत."

"म्हणूनच सांगालोय. हिला न्या."

मग ती पोरं वर आली. एकानं माझ्या काखेत हात घातला. हे पैलवानाच्या गळ्यात हात टाकून ट्रेपाशी बसले होते. दोघांचंही तोंड माझ्याकडं नव्हतं. दोघांच्या पाठी सारख्या वाकल्या होत्या. मला दिसलं, मी गेले की इथं काय होणार. दोघं चहा पिणार, दोघं चिपाडावर झोपणार, पाणी चढलं तर दोघं पत्र्यावर जाऊन बसणार, आणि मी कुठल्यातरी शाळेत सतरंजीवर बसून त्यांची वाट बघणार.

मी त्या पोराचा हात काढला. "मी न्हाई जात."

"आज्जी, खुळ्या झालासा काय? जीव जाईल!"

"जाऊ दे. रिकामं घर ह्या दोघांच्या हवाली करून मी जाऊ? मग काय, राज्यच त्यांचं."

पोरानं ह्यांच्याकडं बघितलं, कुत्र्याकडं बघितलं, परत माझ्याकडं. "आज्जी, कुत्र्यावर जळालीसा व्हय?"

"व्हय," मी म्हटलं.

दुसरा पोरगा हसायला लागला. पहिला नाही हसला. "संध्याकाळी परत येतो, तवर इचार करा," म्हणून गेले. नाव भिंतीला घासत गेल्याचा आवाज आला. संध्याकाळी ते आले नाहीत. दुसरीकडं जास्त निकड असणार.

हे उठले, स्टोव्हला पिन केली, पंप मारला. लग्नानंतर ह्यांनी माझ्यासमोर केलेला पहिला चहा. पाणी ताडपत्रीवरनं पातेल्यात धरलेलं, दूध नाही, गूळ भरपूर. पहिली बशी पैलवानाला. दुसरा कप मला.

"आणि घेणार?" ह्यांनी विचारलं.

संध्याकाळ होत होती. मी पिढ्यान्‌पिढ्यांची तहान लागल्यासारखे तीन कप प्यायले. खुर्ची चार हातांवर होती.

ते दिवस कसे गेले म्हणून सुनंदा विचारते. गेले. शेट्यांचे फुटाणे, गूळ, कच्चे शेंगदाणे. खाली पाण्यात शेट्यांचं रिकामं पिंप भिंतीवर आपटायचं, ढोलकीसारखं. हे सकाळी दोघांचं काढायचे आणि गॅलरीतनं पाण्यात सोडायचे. रुमाल नव्हता. फिनेल संपलं होतं. मी त्यावर काही म्हटलं नाही, त्यांनीही नाही. पैलवान थंडीनं कुडकुडायला लागला तेव्हा त्यांनी माझी वाकळ त्याच्यावर घातली. मी ती ओढून घेतली. मग अर्धी परत टाकली, कारण त्याच्या दातांचा आवाज झोपू देत नव्हता.

एका दुपारी खालची मातीची भिंत बसली. आधी कुरकुर झाली, मग पोटात बसावा असा दणका, आणि आमच्या खोलीची जमीन एका अंगाला कलली. कपाट हललं, देव खणखणले. हे झेपावले. एक हात माझ्या प्लास्टरवर, एक हात कुत्र्याच्या गळपट्ट्यावर. आम्ही तिघं तसेच पडून राहिलो. आता पडतंय, मग पडतंय. छप्पर पडलं नाही. जमीन तिथंच थांबली.

तेवढ्यातही मी बघून घेतलं. उजवा हात कुत्र्यावर होता. डावा माझ्यावर.

काल प्राजक्ताला हे सांगितलं. ती म्हणाली, "अगं आज्जी, तू त्यांच्या डाव्या बाजूला असशील." असेन. मी त्या अंगानं विचार केला नव्हता. पण आता नव्यानं विचार करायचं वय नाही माझं.

तिच्या बोंडाला अजून नीट जमत नाही. कधी खोट्या गवतावर, कधी माझ्या चपलेत. ती कॉम्प्युटरवर वाचून वाचून सांगते, असं करायचं, तसं करायचं. मी म्हटलं, खालनं खरी माती आण कुंडीभर. ती म्हणाली, "ईऽऽ आज्जी, घरात माती?" लाड करणाऱ्याला शिकवायला जाऊ नये. टाळ्या वाजवू देत.

पाणी उतरलं तेव्हा जिन्यावर वीतभर गाळ होता. शेटे वहिनी परत आल्या, देव खाली नेले, भिंत नव्यानं बांधली आणि देवघर पुढच्या खोलीत मांडलं. मला न विचारता, ह्यांनी न सांगता. दिवाळीनंतर ह्यांनी गवंडी आणला. ट्रे उचलून कडेला ठेवला आणि त्याच जागी, त्याच उताराला धरून, मला संडास बांधून दिला. खरा, पांढऱ्या भांड्याचा, आतनं कडी असलेला. पैलवान कडी लावलेल्या दाराबाहेर बसून राहायचा. त्याची जागा गेली होती. त्याला ट्रे पुढच्या अंगाला दिला होता, पण तिथं तो मनापासून कधी गेला नाही. तोही माझ्यावर जळत असेल. जळू दे.

आत बसले की मला वाटायचं, हे माझ्यासाठी केलं की त्याची नळी तयार होती म्हणून केलं? एकदा विचारलं. हे म्हणाले, "बस की गप आता."

पैलवान त्याच थंडीत गेला. हे त्यानंतर दोन पावसाळे होते. मी आहे. पाणी चढलं तेव्हा त्या घरात मागं राहून जगलो ते तिघं, हे, पैलवान आणि मी.